न उघडणारं शुभवर्तमान

अलेक्झांड्रिया, मुहर्रम बेक
२ जानेवारी १९६३

माझी लाडकी बहीण फरहा,

तुला, अबादीरला आणि जी आता आपली सून झाल्यातच जमा आहे त्या दमियानाला या वानीसचा सलाम. घोड्यावरच्या संत मार गिर्गिसची शपथ, तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. ज्या अबादीरला मी खांद्यावर बसवून कालव्यापलीकडे नेत असे, त्याचं लग्न! आणि तेही सिदहुमच्या घरात! सिदहुम ताठ माणूस आहे, वाकायचं म्हटलं की त्याची पाठ दुखते, पण घर खानदानी. तू एकटीने, नवऱ्यामागे, पोराला इथवर आणलंस. शाबास.

आता रागावू नकोस. सात तारखेला आपल्या नाताळला येणं जमत नाही. सणासुदीत ट्राममध्ये फुकट्यांचा सुळसुळाट होतो आणि आम्हा तिकीट तपासनिसांच्या सगळ्या रजा रद्द होतात. पण ईस्टरला येणार म्हणजे येणार. बाबांच्या कबरीची शपथ. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून लिहितोय, हवं तर तुझ्या मातिल्दावहिनीला विचार, ती समोरच बसलीय. लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी ना? मग मी आठवडाभर आधी हजर. वरातीतला ढोल मीच वाजवणार. कुमारी मरियेची शपथ, या वेळी माझा शब्द खाली पडला तर माझं नाव बदल.

तू स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र मी इथल्या चर्चच्या समितीत सगळ्यांना दाखवलं. चाळिशी उलटल्यावर अक्षर गिरवणारी बहीण कुणाला असते? अभिमान वाटला.

तुझा भाऊ,
वानीस


कोम बिशाय
३ तूबा (तुमच्याकडची ११ जानेवारी)

वानीसदादा,

तुझ्या घरावर देवाची शांती असो. सण पार पडला. तुझ्या वाटणीचं बदक अबादीरने खाल्लं. म्हणाला, मामाची आठवण म्हणून खातोय.

तुझं नाव मी बदलणार नाही, जुनंच लिहायला मला पुष्कळ कष्ट पडतात. पण बाबांच्या कबरीला जरा विश्रांती दे. गेल्या ईस्टरला तू तिचीच शपथ घेतली होतीस आणि त्याच्या आदल्या ईस्टरलाही. बिचारे आत कूस बदलून बदलून थकले असतील.

इथे एक गोष्ट घडली आहे, ती सांगते. नाताळच्या आधी सणाच्या भाकरी भाजायला आम्ही चौघी माझ्या भट्टीवर जमलो होतो. मी, शेजारची बहिजा, तिची सून आणि सिदहुमची विधवा बहीण इस्तेर, म्हणजे दमियानाची आत्या. पिठात हात घालायच्या आधी इस्तेरने बोटातली अंगठी काढून भट्टीशेजारच्या कोनाड्यात ठेवली. तिच्या लग्नातली अंगठी, झिजून तारेएवढी झालेली. नवरा गेल्यावरही ती फक्त कणीक मळताना निघते. काम संपल्यावर हात धुऊन पाहते, तर कोनाडा रिकामा. आम्ही राख चाळली, भुसा चाळला, भाकरी मोडून पाहिल्या. अंगठी नाही.

दोन दिवस शोधाशोध चालली. मग सिदहुम म्हणाला, त्या दिवशी भट्टीवर ज्या होत्या त्यांनी रविवारी चर्चमध्ये बिशाराची शपथ घ्यावी, म्हणजे विषय मिटला. तुला बिशारा आठवत असेलच. अंजीरवाल्याची कबुतरं उडवलीस तेव्हा बाबांनी तुलाही तिच्यापुढे उभं केलं होतं. तीच चांदीची पेटी, आत शुभवर्तमानाचं पुस्तक, आणि चारही बाजूंनी खिळे ठोकलेले. लोक अजून तिचं चुंबन घेतात, तिच्यावर हात ठेवतात. ती उघडलेली आजोबांनीही पाहिली नव्हती.

रविवार परवावर आलाय. मी अंगठी घेतलेली नाही, पण मला धाकधूक वाटते आहे. कारण मलाच अजून धड मांडता येत नाही. मी सध्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात अडकले आहे. तुम्ही शिकलेली माणसं भरभर वाचता, ओळ दारावरून निघून जाते. मला एक ओळ लावायला दिवस लागतो, आणि मग ती घरात मुक्कामच ठोकते.

फरहा


अलेक्झांड्रिया
१६ जानेवारी

फरहा,

अगं, यात धाकधूक कसली! हात ठेव, शपथ घे, घरी येऊन चहा पी. खऱ्या माणसाला शपथेचं काय भय? माझ्यावर असा प्रसंग आला तर, देवाची शपथ, मी एकाच्या जागी वीस शपथा घेईन आणि वर तिळाचे लाडू वाटीन. हे पत्र पोचेपर्यंत सगळं उरकलंही असेल. दमियानाला कुठला रंग आवडतो ते कळव, मातिल्दा कापड बघते आहे.

घाईत,
वानीस


कोम बिशाय
१४ तूबा

वानीसदादा,

मी शपथ घेतली नाही.

प्रार्थना संपल्यावर धर्मगुरू अबूना लुकांनी बिशारा कापडात धरून दारापाशी आणली. बहिजाने शपथ घेतली, तिच्या सुनेने घेतली. माझी पाळी आली तेव्हा माझे हात आपोआप पाठीमागे गेले. मी म्हटलं, "इस्तेर, तुझी अंगठी मी घेतली नाही. ती कुठे गेली मला माहीत नाही."

सिदहुम म्हणाला, "तेच पेटीवर हात ठेवून सांग."

मी म्हटलं, "पेटीच्या आतच लिहिलंय की असं सांगू नये."

काही जण हसले. सिदहुम हसला नाही. "आत काय लिहिलंय ते तुला गं काय माहीत? पेटी बंद आहे."

"माझ्या घरी पुठ्ठ्याचं आहे, ते उघडतं."

दादा, मला उद्धटपणा करायचा नव्हता. खरं होतं ते तोंडातून निघालं. तिथे लिहिलंय की शपथ मुळीच घेऊ नका, आकाशाचीही नको आणि स्वतःच्या डोक्याचीही नको. तुमचं होय हे होय असावं आणि नाही हे नाही. याहून सोपं कुणी काय लिहिणार? मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

संध्याकाळी अबूना लुका घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "फरहा, हा उतारा मी दरवर्षी वाचतो. आजवर कुणी ऐकून माझ्या अंगावर आलं नव्हतं."

"मग तो खरा नाही का, अबूना?"

"खरा नाही कसा!"

"मग?"

त्यांनी आणखी एक कप चहा मागितला. म्हणाले, जुनी रीत आहे, लोक पेटीला भितात म्हणून गावात चोऱ्यामाऱ्या कमी आहेत. मी म्हटलं, पेटीला भितात, पण पुस्तकाचं कुणी ऐकत नाही. ते म्हणाले, "बाई, मला कोड्यात टाकू नकोस, माझा रक्तदाब वाढतो." चांगला माणूस आहे, जाताना भट्टीवरून प्रेमाने हात फिरवून गेला.

पण तुला गाव माहीत आहे. शपथ न घेणारा चोर, एवढंच इथलं गणित. सिदहुमने निरोप धाडलाय की ईस्टरपर्यंत वाट बघेन, शपथ झाली तर लग्न, नाही तर पोरगी माझ्या घरी बरी. बायका आता कणीक घेऊन बहिजाकडे जातात. माझी भट्टी गार पडली आहे. अबादीर माझ्याशी बोलत नाही, दिवसभर लाकडावर रंधा मारत असतो. त्याचं दमियानावर मन आहे रे. जेवायला वाढते तेव्हा मान वर करत नाही.

फरहा


अलेक्झांड्रिया
२८ जानेवारी

फरहा,

हे काय करून बसलीस! मार गिर्गिसची शपथ, पत्र वाचता वाचता मी दोन थांबे पुढे गेलो. तपासनीस स्वतःच थांबा चुकला म्हणून ड्रायव्हर हसायला लागला.

अगं, पुस्तकात लिहिलेलं सगळंच अंगावर घ्यायचं नसतं. ते साधुसंतांसाठी, वाळवंटात राहणाऱ्यांसाठी. त्याच पानावर लिहिलंय की डोळा पाप करायला लावत असेल तर तो उपटून फेक. मग आपलं सगळं गाव आंधळं नको व्हायला? मी समितीचा सभासद आहे, मला कळतं. माझ्या भिंतीवर रोज एक वचन असलेलं कॅलेंडर आहे. सकाळी पान फाडतो, त्यात सँडविच गुंडाळतो आणि कामाला जातो. सगळं जग असंच चालतं.

आणि एक. तू माझी बहीण आहेस, तुझ्या माझ्यात आडपडदा नको. लग्न म्हणजे खर्च. हात तंग असतो. घरात एकटी बाई, अडचणीच्या वेळी माणसाकडून काही होऊन जातं. मी समजून घेईन. कुणाजवळ चकार शब्द काढणार नाही, कुमारी मरियेची शपथ, माझ्या डोळ्यांची शपथ. फक्त मोकळेपणाने लिही.

वानीस


कोम बिशाय
२८ तूबा

वानीसदादा,

किती काळजी करतोस! हात तंग नाही. मसूर आहे, घेवडा आहे, कांदे तर इतके आहेत की अबादीर म्हणतो शेजाऱ्यांनाही रडवू. कापूसही बरा गेला. मातिल्दावहिनीला सांग, दमियानाला निळा रंग आवडतो. लग्न झालं तर.

डोळ्याची ओळ मी वाचली. ती मला झेपली नाही, हे कबूल करते. पण एक ओळ झेपत नाही म्हणून जी झेपते तीही सोडून द्यायची का? सगळी पोळी खाता येत नाही म्हणून कुणी उपाशी झोपत नाही.

आता मी तुला विचारते. तू दिवसभर ट्राममध्ये फिरतोस. तिकीट नसलेला माणूस काय म्हणतो? "देवाची शपथ, आत्ता होतं, वाऱ्याने उडालं." असं तूच सांगायचास. किती जणांवर विश्वास ठेवतोस? आणि ज्याच्याकडे तिकीट असतं तो कधी शपथ घेतो का रे?

मला कळलं नसतं तर मी हसत हात ठेवला असता. गेल्या वर्षीपर्यंत मीही उठता बसता शपथा घेत होते, बदकांना दाणे टाकतानासुद्धा. पण आता कळलंय. कळलेलं परत न कळलेलं कसं करू? मी अंगठी घेतली नाही. यावर चांदीचं झाकण ठेवलं म्हणून ते जास्त खरं होणार नाही.

पण दादा, मला भीती वाटते, तीही लिहून टाकते. एका ओळीसाठी पोराचा संसार मोडत असेन तर देव मला काय म्हणेल? अबादीरने काल पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, "आई, तू खरं बोलतेस हे मला माहीत आहे. पण तुझ्या खऱ्याचा दंड मी भरतोय."

फरहा


अलेक्झांड्रिया
१५ फेब्रुवारी

माझ्या गुणी बहिणी,

नाच, गा, ढोल काढ! सगळं मिटवलं आहे.

आमचा कंडक्टर फहीम आहे ना, तो मावशीला भेटायला तुमच्या बाजूला निघालाय. त्याच्याबरोबर मी इस्तेरसाठी एक अंगठी पाठवली आहे. अस्सल सोनं, जाडजूड, तिच्या तारेच्या दुप्पट. निरोप दिलाय की फरहाच्या भावाकडून, आता या विषयावर बोलणं नको. सिदहुमलाही वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. त्यात कुणाचा दोष काढलेला नाही. लोक समजायचं ते समजतील आणि चार दिवसांनी विसरतील.

तुला काहीही करायचं नाही. शपथही नको. फक्त गप्प राहा. गप्प राहू नका असं काही तुझ्या पुस्तकात लिहिलेलं नाही, माझ्या पोरांची शपथ, मी आज मुद्दाम उघडून पाहिलं.

तुझा पाठीराखा,
वानीस


कोम बिशाय
१८ अमशीर (२५ फेब्रुवारी)

वानीसदादा,

अंगठी पोचली.

फहीम गावात शिरला तेव्हा इस्तेरचं घर विचारत चार दारं फिरला, त्यामुळे संध्याकाळपर्यंत लहान पोरांनासुद्धा कळलं की फरहाच्या भावाने भरपाई केली. काल सिदहुम स्वतः माझ्याकडे आला. चहा प्यायला. लग्न ठरल्या रविवारी होईल म्हणाला. शपथेचं नाव काढू नका, घरातली गोष्ट घरात राहिली, असंही म्हणाला. माझ्याकडे किती दयेने पाहत होता! अबादीर हसला. नाताळनंतर पहिल्यांदाच हसला. बहिजाने तर परत माझ्या भट्टीवर येते असा निरोप धाडला आहे.

सगळे खूश आहेत. मी फक्त गप्प राहायचं आहे.

तू जी "अडचण" लिहिली होतीस, ती मला आता कळली. मी आपली मसूर आणि कांदे मोजत बसले. तू मला चोर धरलं होतंस, आणि माफही करून टाकलं होतंस. गावाने धरलं त्याचं इतकं वाटलं नव्हतं.

उद्या मी इस्तेरकडे जाणार आहे.

फरहा


अलेक्झांड्रिया
१ मार्च

फरहा, फरहा,

जाऊ नकोस! देवासाठी जाऊ नकोस! तुझ्या गळ्याची शपथ, अबादीरच्या गळ्याची शपथ, मिटलेलं उकरू नकोस. काठाला आलेली होडी कुणी स्वतःहून लाथाडतं का? सिदहुम तुझ्या दारात येऊन चहा प्यायला, यापेक्षा तुला काय हवं?

आणि मी तुझ्यावर संशय घेतला नाही. कधीच नाही. बाबांच्या कबरीची शपथ, आईच्या दुधाची शपथ, चर्चमध्ये आहेत तेवढ्या संतांची शपथ. मी फक्त तुझं भलं पाहिलं.

हे पत्र मिळताच थांब.

वानीस


कोम बिशाय
२ बरमहात (११ मार्च)

वानीसदादा,

तुझं पत्र पोचलं तेव्हा मी जाऊन आले होते. त्यानंतर इतके दिवस लिहिलं नाही, कारण राग होता, आणि रागात माझं अक्षर फार वाकडं येतं.

तू इतक्या संतांची शपथ घेऊन लिहिलंस की संशय घेतला नाही. नुसतं लिहिलं असतंस तर मी कदाचित मानलंही असतं.

आता काय झालं ते ऐक. इस्तेर अंगणात घेवडा निवडत बसली होती. तुझी अंगठी करंगळीत होती, दुसऱ्या बोटात शिरत नाही म्हणून. मला पाहून सरकून बसली, जागा करून दिली. म्हणाली, "ये गं. झालं गेलं नाईलला मिळालं."

मी उभीच राहिले. म्हटलं, "इस्तेर, ही अंगठी माझ्याकडून आलेली नाही. तुझी अंगठी मी घेतली नाही. त्या दिवशी नाही म्हटलं, आजही नाहीच आहे."

तिचा हात सुपातच राहिला. "अगं खुळे! प्रकरण मिटलंय. सगळं मिटलंय. आता तू कशाला बोलतेस?"

"मी गप्प बसले तर ते होय होईल."

आतून सिदहुम आला. त्याने सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "म्हणजे लग्न परत अडलं. हे कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग शपथ घे."

"नाही."

"मग ही अंगठी कशाची?"

"माझ्या भावाच्या चुकीची," मी म्हटलं. "तो लांब असतो."

दादा, मी शूर वगैरे नव्हते. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला अबादीरचं हसू दिसत होतं, नाताळनंतर पहिल्यांदा आलेलं, आणि तेही मीच पुसायला आले होते. वाटलं, देवा, ही ओळ तू जरा कठीण लिहिली असतीस तर मला कळलीच नसती, आणि मी सुटले असते.

मग इस्तेरने करंगळीतली अंगठी ओढून काढली आणि घेवड्याच्या सुपात ठेवली. भावाला म्हणाली, "सिदहुम, तूच सांग. अंगठीची भरपाई झाली, लग्न पदरात पडलं, शपथही टळली. एवढं सगळं झाल्यावर चोर आपल्या पायाने इथे येईल?"

"पण शपथ..."

"त्या दोघींनी घेतलीच की शपथ. बहिजाला मी ओळखत नाही? ती मरियेची शपथ घेऊन अंडी उसनी नेते, आणि परत आणते ती आपल्या नातीचं बारसं झाल्यावर. मला हिचं 'नाही' पुरे आहे."

"तुला पुरे असेल. मला नाही."

तेव्हा इस्तेर उठून उभी राहिली, भावाच्या खांद्याएवढीच आहे ती, पण त्या वेळी सिदहुम बुटका दिसला. म्हणाली, "अंगठी कुणाची होती रे? तुझी की माझी?"

सिदहुम सुपातला घेवडा उचलून उगाच दाताखाली चावायला लागला. दमियाना दारामागे उभी होती, ती म्हणाली, "बाबा, तो कच्चा आहे." मग तो थुंकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ईस्टरनंतरच्या रविवारी म्हणालो होतो. म्हणालो होतो म्हणजे म्हणालो." आणि आत निघून गेला. त्याने शपथ घेतली नाही, हे त्याच्या तरी लक्षात आलं असेल का?

मी घरी आले. अबादीरला सगळं सांगितलं. त्याने रंधा खाली ठेवला आणि विचारलं, "तो नाही म्हणाला असता तर?" मी म्हटलं, "तर तू माझ्याशी बोलला नसतास आणि मी रडत बसले असते. पण गेले असतेच." त्याने मान हलवली. रात्री मला स्वतः वाढलं.

अंगठी सापडलेली नाही. इस्तेरचं म्हणणं, कोनाड्यावर बदक चढलं असणार आणि दाणा समजून गिळलं असणार. आता मोठा उपवास चालू आहे, ईस्टरपर्यंत बदक कापता येत नाही, म्हणून तोवर माझी सगळी बदकं संशयित आहेत. त्यांना कुणी शपथ घ्यायला सांगितलेली नाही. सापडली नाही तरी इस्तेर 'हिचं नाही पुरे' हाच शब्द धरून राहील, हे तिने मला सांगितलंय.

तुझी अंगठी माझ्याकडे आहे, पिठाच्या चाळणीखाली. येऊन घेऊन जा. येशील का, एवढंच विचारते. होय किंवा नाही, काहीही लिही. फक्त मध्ये कुणाची कबर नको.

फरहा


अलेक्झांड्रिया
२५ मार्च

फरहा,

या पत्राचे कितीतरी कागद फाडले. लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत मार गिर्गिस घोड्यावर बसून येत होते.

तू घेतली नव्हतीस. तू नाही म्हणालीस तेव्हाच मला ते पुरायला हवं होतं.

काल ट्राममध्ये एक म्हातारी म्हणाली, तिकीट नाही, पैसे नाहीत, दवाखान्यात जायचंय. एवढंच म्हणाली. मी तिला बसू दिलं.

येतो.

वानीस


कोम बिशाय
२१ बरमहात

वानीसदादा,

हे पत्र पोचेपर्यंत तू कदाचित निघालाही असशील. मग मातिल्दावहिनी वाचेल. वहिनी, त्याला उबदार बनियन बरोबर द्या, इथे पहाटे अजून गार असतं.

काल इस्तेर भाकरी भाजायला आली. माझी भट्टी आता रोज पेटते. पिठात हात घालायच्या आधी ती अजून सवयीने रिकामं बोट चोळते, आणि मग आमच्या दोघींच्या लक्षात येतं. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. अबूना लुका जाता जाता डोकावले. म्हणाले, गेल्या रविवारी दोन घरांचं पाण्यावरून भांडण झालं, बिशारा आणू का म्हणून विचारलं, तर एक जण म्हणाला, "राहू द्या, फरहाबाई बघतेय." त्यांना हसावं की रागवावं कळत नव्हतं. चहा मात्र दोन कप घेतला.

तुझं पत्र मी इस्तेरला वाचून दाखवलं. वेळ लागला नाही, लहानच आहे. तिने कणकेचा गोळा थापला, उलटला, आणि म्हणाली, "दरवर्षीच लिहितो तो. या खेपेला कुणाची शपथ घेतलीय?"

मी म्हटलं, "कुणाचीच नाही."

तिचा हात थांबला.

"मग गादी उन्हात टाक," ती म्हणाली. "येतोय तो."

फरहा